शिक्षक घडविणारे शिक्षण

रोह्यालगतच्या वरसे येथील एखाद्या व्यापारी घरातील कन्येने शिक्षिका होण्याचा संकल्प केला, तर ‘बी.एड. केले म्हणजे झाले’ असे पालकांना सहज वाटते. वस्तुतः कोणत्या इयत्तेला शिकवायचे, हे आधी ठरवावे लागते. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. तेथे बारावीनंतरची डी.एल.एड. ही दोन वर्षांची पदविका हवी. माध्यमिक वर्गांसाठी मात्र पदवी आणि विद्यापीठाची बी.एड. आवश्यक असते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या शिक्षणमहर्षींच्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यात १९३५ साली प्राथमिक शिक्षकांसाठी, तर १९५५ साली माध्यमिक शिक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण महाविद्यालय उभारले.

केवळ चोपडी वाचून व्यापार येत नाही. पेढीवर बसावे लागते. अध्यापनाचेही तसेच आहे. म्हणूनच २०१५ पासून दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड.मध्ये किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवावे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान अर्हता ठरावयाची आहे.

रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. बी.एड.चे शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाची विद्यापीठ-संलग्नता आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता अवश्य पाहावी. चुकीच्या अभ्यासक्रमात पैसा जातोच. मुलीच्या उमेदीची वर्षे मात्र परत मिळत नाहीत.