स्वतःच स्वतःवर सही करणारं प्रमाणपत्र

महाभूमीच्या पोर्टलवर 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा निघतो. डिजिटल स्वाक्षरी असल्यामुळे वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्यावर छापलेलंच असतं. 1 मे 2018 ला राज्यात ही सोय सुरू झाली आणि तलाठ्याला गाठण्यासाठी घातलेले खेटे वाचले. पीककर्जाच्या दिवसांत तो वाचलेला एक दिवस काय मोलाचा असतो, हे मेहकर-चिखलीकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

पण सेवा केंद्रातल्या संगणकावर अशीच डिजिटल सही असलेली ई-आधारची पीडीएफ उघडली, तर सहीच्या जागी पुष्कळदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. सही खोटी नसते. सही करणाऱ्याची त्या संगणकाला ओळख नसते. आपल्याकडे डिजिटल सहीची साखळी 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं उभी केली. सही करणाऱ्याला प्रमाणपत्र देते परवानाधारक संस्था आणि त्या संस्थेला देतं ‘कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज’चं कार्यालय. मग या कार्यालयाच्या मूळ प्रमाणपत्रावर सही कुणाची? त्याची स्वतःचीच. जगातल्या अशा प्रत्येक साखळीच्या मुळाशी सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्रच असतं. त्यामुळे ‘सेल्फ-साइन्ड म्हणजे कच्चं’ हे मला मान्य नाही. ते आपल्यापर्यंत कुणाच्या हातून आलं, हे पाहायचं.

साखळी मोठी असली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. जुलै 2014 मध्ये खुद्द एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं बाहेर पडली. एनआयसीची मधली प्रमाणपत्रं रद्द करावी लागली आणि क्रोमनं भारतीय मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनपुरता आखून टाकला.

आता लहान जागी या. खामगाव किंवा मलकापूरकडची एखादी पतसंस्था धरा. मुख्य शाखेत एक सर्व्हर आहे आणि बाकी शाखांतले संगणक त्याला कामं सांगतात: या खात्याची शिल्लक दे, ही जमा नोंदव. यालाच रिमोट प्रोसीजर कॉल म्हणतात. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी 1984 च्या निबंधात त्याची रीत नीट बसवून दिली. दूरच्या यंत्रातलं काम असं मागवायचं, की ते आपल्याच यंत्रात चाललंय असं वाटावं. सोय मोठी, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला मधल्या तारेचा विसर पडतो तो इथेच. त्या तारेवरून शिल्लक उघडी जाते, पासवर्डही उघडा जातो.

म्हणून सर्व्हरच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवतात. कचेरीतल्या आवक-जावक टेबलासारखं तिचं काम: बाहेरचा प्रत्येक कागद आधी तिच्याकडे, आतल्या साहेबाशी थेट गाठ नाही. इगोर सिसोएव यांचं 2004 मध्ये खुलं झालेलं एनजिनएक्स या कामी सर्रास वापरतात. ते 443 पोर्टवर कूटबद्ध जोडणी घेतं आणि आतल्या प्रोग्रामकडे पाठवतं. आतला प्रोग्राम त्याच यंत्रावर असेल, तर त्यानं फक्त 127.0.0.1 या यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यावर ऐकावं, म्हणजे प्रॉक्सीला वळसा घालून बाहेरून कुणी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

प्रमाणपत्र मात्र घरचंच लागतं. 192.168 नं सुरू होणाऱ्या अंतर्गत पत्त्याला कुठलीही सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाही. ते स्वतः बनवून पेन ड्राइव्हवर घालावं आणि शाखेत स्वतः जाऊन बसवावं. नाहीतर त्याचा ठसा, म्हणजे एसएचए-256 ची 64 अक्षरं, ओळखीच्या आवाजात फोनवर वाचून ताडून घ्यावा. वेळ जातो, पण खरी सुरक्षा याच कामात आहे. हे टाळून ‘इशारा आला तरी पुढे जा’ असं शाखेतल्या कारकुनाला शिकवलं, तर मध्ये बसलेल्या चोराचं प्रमाणपत्रही तो त्याच सवयीनं स्वीकारेल.

एक खाच फार लोकांच्या नजरेतून सुटते. आतला सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर असला, तर प्रॉक्सी ते सर्व्हर हा टप्पाही कूटबद्ध करतात, पण एनजिनएक्स तिथलं प्रमाणपत्र आपणहून तपासत नाही. ‘प्रॉक्सी एसएसएल व्हेरिफाय’ हे कलम मुळात बंदच असतं. ते चालू करून कोणत्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा, ती फाइल दाखवावी लागते. रिमोट प्रोसीजर कॉलसाठी जीआरपीसी ही प्रणाली वापरत असाल तर तिच्यासाठी असंच वेगळं कलम आहे आणि तेही बंदच असतं. शाखांनाही आपापली प्रमाणपत्रं दिली आणि प्रॉक्सीला ती तपासायला लावली, तर ओळख दोन्ही बाजूंनी पटते. पैशाच्या कामात मी याहून कमी काही सुचवणार नाही.

प्रमाणपत्राच्या जोडीनं बनणाऱ्या खाजगी किल्लीची फाइल फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच वाचता यावी. मुदतीची तारीख एकाच्या डोक्यात न ठेवता दोघा-तिघांच्या डायरीत लिहून ठेवावी. प्रमाणपत्राची मुदत संपली की सगळ्या शाखा एकाच सकाळी अडतात, काउंटरपुढे रांग लागते आणि त्या घाईत कुणीतरी सगळ्यात आधी तपासणीच बंद करून टाकतं. ती नंतर पुन्हा चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.