प्रदर्शनातला वास : कुठे आणि किती?

समजा, नांदगाव खंडेश्वरच्या एखाद्या शाळेने जुन्या शेतीचे प्रदर्शन मांडले आहे. तिफन, वखर, तांब्याची भांडी, शंख-शिंपल्यांचे दागिने. पहिल्या पावसात भिजलेल्या काळ्या मातीचा वासही मुलांना घेता आला तर?

कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील यॉर्क येथील योर्विक संग्रहालयात १९८४ पासून जुन्या वस्तीचे कृत्रिम वास दिले जातात. हेच वास काही वर्षांनी पुन्हा दिल्यावर प्रेक्षकांना तिथले अधिक तपशील आठवले, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

मग अडचण कोणती? वास म्हणजे हवेत मिसळलेले पदार्थाचे रेणू. ते नाकाशी थांबत नाहीत, फुप्फुसात जातात. दमा असलेल्या मुलाला उग्र सुगंधाने धाप लागू शकते, आणि खोलीभर वास असेल तर तो टाळणार कसा? 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असेही नाही. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनिनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला की त्वचेला ॲलर्जी आणणारे पदार्थ बनतात.

हे रेणू वस्तूंवरही बसतात. केळ्यासारखा वास देणारे आयसोअमाइल ॲसिटेट ओलाव्यात विघटित झाले की ॲसेटिक आम्ल तयार होते. हे आम्ल शिसे, तांबे आणि शिंपले यांना खाते. उदबत्तीने तर काजळीही बसते.

म्हणून संग्रहालये आधी चाचणी घेतात. १९७३ साली ब्रिटिश म्युझियमच्या ॲन्ड्र्यू ऑडी यांनी सुचवलेल्या पद्धतीत, तपासायचा पदार्थ आणि धातूचे तुकडे दमट, बंद बाटलीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात.

शाळेत याचे सोपे रूप करता येईल. दोन बरण्यांत घासून चकचकीत केलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि थोडे पाणी असलेली एकेक छोटी वाटी ठेवा. एकीत अत्तराचा बोळाही ठेवा. झाकणे घट्ट लावून महिनाभराने पट्ट्यांची तुलना करा. बरणी तापवू नका, शिसे वापरू नका. पट्टी काळवंडली नाही तरी ते अत्तर माणसांना निर्धोक आहे, असे मात्र यातून सिद्ध होत नाही.

आम्ही सुचवू ते एवढेच : खोलीत वास फवारू नका. झाकणाच्या बाटलीत कापसावर एकच थेंब टाका. बाटली वस्तूंपासून दूर, उघड्या खिडकीशी ठेवा. ज्याला हवा त्याने झाकण उघडावे, हाताने वारा घेत वास घ्यावा, झाकण लावावे. नको असेल त्याला न हुंगताच पुढे जाता यावे.