दफ्तराबाहेरची रयत

आर्थिक विषमतेची मीमांसा करताना आपली दृष्टी बहुधा गिरणी आणि झोपडपट्टी, सावकार आणि ऋणको या परिचित जोड्यांवर जाऊन स्थिरावते. परंतु उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील नंदिगड्डे आणि त्याच्या आसपासचा रानमुलूख यांचा गेल्या सव्वादोनशे वर्षांचा इतिहास डोळ्यांखालून घातला, म्हणजे विषमतेचे एक निराळेच मूळ हाती लागते. सृष्टीने येथे हात आखडता घेतलेला नाही. पाऊस उदंड, काळी नदीचे खोरे समृद्ध, रानात साग-शिसवी. क्षेत्रफळाने हा तालुका जिल्ह्यात सर्वांत मोठा, आणि 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या मात्र सुमारे 52 हजार. माणसे थोडी, भूमी विस्तीर्ण आणि पाणी मुबलक असूनही येथील कुणब्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ओढगस्त का राहिली, या प्रश्नाचे उत्तर जंगलात नाही, ते कचेरीच्या दफ्तरात आहे.

1799 मध्ये टिपूच्या पाडावानंतर कानडा प्रांत कंपनी सरकारकडे आला, तेव्हा येथे उपजीविकेच्या दोन रीती नांदत होत्या. खोऱ्यातल्या ओलाव्यावर भातशेते आणि पोफळीची कुळागरे होती. डोंगरउतारावर कुणबी कुमरी करीत. झाडोरा तोडून वाळवावा, पावसाआधी जाळावा, राखेत नाचणी पेरावी, एक-दोन पिके काढून ती जागा कित्येक वर्षे पडीक टाकावी आणि पुढे सरकावे, असा तो क्रम होता. महसूल खात्याला हिशेब लागतो तो एका जागी स्थिर असलेल्या जमिनीचा. भातशेताला आकार बसला, कुळागराला मालक मिळाला. जागा बदलणाऱ्या कुमरीला ना हद्द, ना नंबर, ना खातेदार. 1860 मध्ये मद्रास सरकारने पूर्वपरवानगीवाचून सरकारी रानात कुमरी करण्यास मनाई केली, 1862 मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला, आणि 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलांची चौकट पक्की केली. कुणब्यांना काही हद्दीपुरती सवलत ठेवण्यात आली खरी, पण ती हक्क म्हणून नव्हे, मेहरबानी म्हणून. आणि मेहरबानी मुलाला वारशाने मिळत नाही.

त्याच काळात त्याच रानाचा दुसरा एक उपभोग मात्र रीतसर नोंदला गेला. कुळागराला पालापाचोळ्याचे खत लागते, म्हणून घाटावरच्या बागाइतीला एकरी 9 एकरांपर्यंत बेट्ट्याचे रान, म्हणजे पाला तोडण्याचा विशेषाधिकार, सरकारने मान्य केला. बागाइतदारांचे श्रम आणि कौशल्य यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मसाल्याची ती बाग उभी करणे हे एका पिढीचे काम नव्हे. परंतु परिणाम काय झाला, हे त्या बेट्ट्यातच दिसते. बाई कोयत्याने टाळ्या उतरवते, भारा बांधते, चुंबळीवर तोलून उतार उतरते आणि पोफळीच्या बुंध्याशी तो रिता करते. त्या पाल्याने बागेचा कस वाढतो, बागेची किंमत वाढते, किमतीवर कर्ज मिळते, आणि कर्जावर मुलाचे शिक्षण होते. बाईच्या पदरात पडते ती त्या दिवसाची मजुरी. ज्या डोंगरावर तिच्या सासऱ्याने नाचणी पेरली असेल, त्याच डोंगरावर ती आता दुसऱ्याच्या परवान्याखाली पाला तोडते.

जिल्ह्यातील कूळवर्गाची हलाखी मात्र फार काळ दुर्लक्षित राहिली नाही. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे सदस्य आणि कवी दिनकर देसाई यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांची चळवळ उभारली, आणि त्यापायी 1940 ते 1945 या काळात त्यांना जिल्ह्यातून हद्दपारी भोगावी लागली. त्या चळवळीला पूर्ण फळ आले ते 1 मार्च 1974 पासून, जेव्हा कर्नाटकातील देवराज अर्स यांच्या सरकारच्या जमीनसुधारणा कायद्याने कुळांची जमीन सरकारजमा करून ती कुळांच्याच नावे करण्याची वाट मोकळी केली. उत्तर कन्नड हा त्या कायद्याच्या यशाचा जिल्हा म्हणून गौरवला जातो, आणि तो गौरव यथार्थ आहे. पण गेणी देणारा कूळ आणि गेणी घेणारा धनी असे नातेच जेथे कागदावर आले नव्हते, जेथे जमीनदाराच्या जागी खुद्द वनखाते उभे होते, तेथे हा कायदा पोहोचणार कसा? धन्याच्या कुळाला न्याय मिळाला. सरकारच्या कुळाला मिळाला नाही.

स्वातंत्र्योत्तर विकासाने या दरीत नवी भर घातली. दांडेलीच्या कागद कारखान्याला जिल्ह्याच्या रानातील बांबू आरंभी टनामागे 1.50 रुपया अशा नाममात्र दराने मिळत होता, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरडाला तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ही विसंगती वारंवार निदर्शनास आणली. पुढे काळीवर 101 मीटर उंचीचे सुपा धरण झाले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, आणि उठवलेल्यांपैकी अनेक कुटुंबे रामनगरात वसवली गेली. धरणाच्या विजेवर दूरचे कारखाने चालू लागले. जवळच्या कित्येक वाड्यांत मात्र पुढेही अनेक वर्षे घासलेटची चिमणीच जळत होती. नियोजनातून वाढलेले उत्पन्न गेले कोठे, याचा शोध घेण्यासाठी 1960 मध्ये केंद्र सरकारने महालनोबीस समिती नेमली होती. या खोऱ्यापुरते त्या प्रश्नाचे उत्तर विजेच्या तारांमागोमाग चालत गेले तरी सापडले असते.

मग संवर्धनाचे युग आले. 1956 चे दांडेली अभयारण्य, 1987 चे अणशी राष्ट्रीय उद्यान, 2007 मध्ये या दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प, आणि 2015 पासून त्याचे ‘काळी’ हे नाव. वाघाचे रक्षण हे राष्ट्राचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत नसावे; पण रस्ता, पूल, खांब यांतले काहीही वनखात्याच्या अनुमतीवाचून होत नसल्यामुळे त्या कर्तव्याचा सर्वाधिक भार आडरानातल्या वाड्यांनीच उचलला. भर पावसात कांबळ्याच्या झोळीतून रोग्याला सडकेपर्यंत आणावे लागते, हायस्कूल लांब पडते म्हणून मुलगी सातवीनंतर घरी बसते, आणि तिचा भाऊ गोव्यातल्या हॉटेलात भांडी घासायला जातो. मुडली, कणगी, सुरण यांची वाणे परसात टिकवून ठेवणाऱ्या बायकांच्या ज्ञानाचे आता जोयड्याच्या कंदमेळ्यात कौतुक होते, ही समाधानाची बाब खरी. पण ज्या परसात ते कंद वाढतात, ते अनेकींच्या नावावर नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने या ऐतिहासिक अन्यायाची प्रथमच स्पष्ट कबुली दिली. मात्र त्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा कब्जा दाखवणे पुरे असते, तर इतर वनवासीयांना तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची, वस्ती सिद्ध करावी लागते. 2003 मध्ये अमलात आलेल्या एकाच दुरुस्ती कायद्याने गोव्यातील कुणबी आणि उत्तर कन्नडातील सिद्दी यांचा अनुसूचित जमातींत समावेश केला. जोयड्याचा कुणबी मात्र बाहेर राहिला. राज्याची सीमा ओलांडली की त्याच सोयरिकीतल्या माणसाच्या पुराव्याचे ओझे तीन पिढ्यांनी वाढते.

या साऱ्या कालखंडाचा निष्कर्ष एवढाच की, येथील विषमता एखाद्या धनिकाच्या लोभातून जितकी उपजली नाही, तितकी नोंद असलेल्याला देत राहण्याच्या आणि नोंद नसलेल्याकडे नोंद मागत राहण्याच्या सरकारी रीतीतून वाढली. 1860 च्या अंमलाने ज्याला कागद नाकारला, त्याच्याच पणतवाकडे आजचा अंमल तो कागद मागतो. हे चक्र भेदण्याची सोय वनहक्काच्या नियमांतच आहे: दावेदाराखेरीज गावातील इतर वडीलधाऱ्यांची लेखी उतरवून घेतलेली साक्ष तेथे पुरावा म्हणून ग्राह्य धरली आहे. तेव्हा नवा कायदा मागण्याआधी आहे तो नियम प्रत्येक वाडीच्या ग्रामसभेत प्रामाणिकपणे चालवला जावा, आणि साक्ष देऊ शकणारी पिढी हयात आहे तोवरच चालवला जावा; कारण ती पिढी गेल्यावर हा पुरावा कोणत्याही कचेरीला नव्याने निर्माण करता येणार नाही.