दिल्लीचा पैसा, गावचा ठराव

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालं की बालाघाटाच्या माळावर बीड जिल्ह्यातलं लिंबागणेश लागतं. भालचंद्र गणपतीच्या देवळामुळे नाव कानावर असलेलं गाव. इथल्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे, त्याच्या हाती एक अधिकार आहे, जो मुंबईत मलबार हिलवर राहणाऱ्यालाही नाही. तो ग्रामसभेचा सदस्य आहे. त्यासाठी निवडून यावं लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. यादीत नाव असलं की झालं. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली आणि ग्रामसभेला थेट संविधानात जागा मिळाली.

शहरांसाठी 74वी दुरुस्ती आली. पण तिच्या प्रभाग समित्यांत बसतात प्रामुख्याने नगरसेवक. महाराष्ट्रात 2009 साली मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद झाली खरी, मात्र प्रत्यक्ष भरलेली क्षेत्रसभा शोधत हिंडावं लागेल. पुणे महापालिकेने 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवू दिली. पदपथ, दिवे, बाकडी अशी छोटी कामं, एकेका कामाला 5 लाखांची मर्यादा. सुचवायचं लोकांनी, ठरवायचं मात्र समितीने. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये लोकांना अंदाजपत्रकावर बोलायला बसवलं, तर त्याचा जगभर गाजावाजा झाला. आपल्या खेड्यांत त्याहून मोठा हक्क कायद्यानेच दिलाय आणि आपण त्याला ‘ग्रामसभा आहे म्हणे आज’ एवढंच म्हणतो!

पैसा येतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. केंद्राच्या 15व्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींकडे गेला. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा टक्के. 2021-22 पासून त्यातला 60 टक्के बंधित ठरला: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेला 40 टक्के अबंधित. तो गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरावा, फक्त पगारावर उडवू नये. पण पैसा खर्चायचा तर काम गावाच्या विकास आराखड्यात हवं, आणि आराखड्याला ग्रामसभेची मान्यता हवी. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव काय, हे सगळं इतिवृत्ताच्या वहीत उतरतं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, म्हणजे हापशाचं रडगाणं चावडीवरच्या मोठ्या आवाजांत बुडून जात नाही. निदान जाऊ नये.

गणपूर्ती किती? एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी ते. मोठ्या गावात 100 माणसं जमली की सभा कायदेशीर. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच उरत नाही. मोजक्या सह्यांवर अख्ख्या गावाच्या वर्षाचा खर्च ठरण्याची वाट इथून निघते.

बीडमध्ये तर आणखी एक गंमत आहे, कडू म्हणावी अशी. गावानेच आराखडा करायचा ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा राज्याचा उपक्रम 2015 साली सुरू झाला. 2018 पासून केंद्राची लोकयोजना मोहीम आराखडा करायचा हंगाम म्हणून 2 ऑक्टोबरपासूनचे काही महिने धरत आली आहे. आता साखर कारखान्यांचं वेळापत्रक शेजारी ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते, बैलगाड्या-ट्रॅक्टर भरतात, आणि जिल्ह्यातले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकाकडे निघतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिल उजाडतो. 26 जानेवारीला ग्रामसभा भरते तेव्हा ही जोडपी फडात मोळ्या बांधत असतात. परततात तोवर आराखडा मंजूर होऊन संकेतस्थळावर चढलेला असतो. दिल्लीत तारखा ठरवणाऱ्याला हे सुचलं नसेल. दुष्टपणा नाही, पण ज्यांना गावात पाण्याची आणि रोजगाराची सोय सगळ्यांत जास्त हवी, नेमके तेच मोजणीत गैरहजर.

म्हणून ऊसतोड्यांसाठी कामाची सभा 15 ऑगस्टची. तेव्हा माणसं घरी असतात, आणि मागणी सूचक-अनुमोदकासह वहीत चढवून ठेवता येते. पुढे त्याचं काय झालं, ते ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की कोल्हापूरच्या फडातूनही दिसतं: कोणतं काम, किती रक्कम, किती खर्च. मत द्यायला मात्र अजून गावातच बसावं लागतं.