नात्यांच्या चौकटीतल्या फुल्या

'नातं' हा शब्द कवींच्या मालकीचा, असा आपला समज असतो. गणितानं मात्र तो फार काटेकोर करून ठेवला आहे. गणितातला संबंध म्हणजे निव्वळ जोड्यांची यादी. कोण कोणाशी जोडलेला, एवढंच तिच्यात असतं. का आणि किती, हे विचारायचं नाही. मी बी.ए. झालेला माणूस, पण यमकं जुळवण्यात हयात गेल्यानं हे गणित मला परकं वाटत नाही.

चार शब्द घ्या: दार, वार, वाट, लाट. चार आडव्या, चार उभ्या ओळींची १६ घरं आखा. दोन शब्दांचं शेवटचं अक्षर सारखं असेल, तिथं फुली मारा. आठ फुल्या पडतील. आता तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: प्रत्येकाचं स्वतःशी नातं आहे का? डावीकडून वरून उजवीकडे खाली येणाऱ्या कर्णावरची सगळी घरं भरलेली असली, की 'हो'. दुसरा: याचं त्याच्याशी नातं, तर त्याचंही याच्याशी आहे का? कागद कर्णावर दुमडा. फुलीवर फुली बसली पाहिजे. तिसरा: याचं त्याच्याशी, त्याचं तिसऱ्याशी, मग याचं तिसऱ्याशी आहे का? इथं नजरेवर भागत नाही, एकेक साखळी तपासावी लागते. आपला संबंध तिन्ही परीक्षांत उतरतो, म्हणून शब्दांचे दोन स्वच्छ गट पडतात: दार-वार आणि वाट-लाट.

आता नियम बदला. 'फार तर एक अक्षर वेगळं' असेल तर फुली. दार-वार चालतं, वार-वाट चालतं. पण दार आणि वाट यांत दोन्ही अक्षरं वेगळी. तिसरी परीक्षा नापास! एक उदाहरण मोडलं, की पुरे.

दुसरी-तिसरी परीक्षा उतरली, की पहिली आपोआप उतरते, असं वाटू शकतं. तसं नाही. सगळी चौकट रिकामी ठेवा. मोडायला साखळीच नाही, म्हणून त्या दोन्ही उतरतात. पहिली मात्र नाही. तिन्हींत उतरणं तसं दुर्मिळच. तीनच वस्तू घेतल्या, तर नऊ घरांत फुल्या मारण्याचे ५१२ प्रकार होतात. त्यांतले तिन्ही परीक्षा पार करणारे फक्त ५.

हे सांगण्याचं कारण वेगळंच आहे. 'एकाच धर्माचे असणं' हा पहिल्या जातीचा संबंध. तो माणसांचे गट पाडतो. ओळख तशी नाही. माझी तुमच्याशी ओळख, तुमची तिसऱ्याशी. एवढ्यावरून माझी त्याच्याशी ओळख ठरत नाही. तरीही 'याचा त्याच्याशी संबंध, त्याचा अमक्याशी' असं म्हणत लोक न तपासता तिसरी फुली मारून मोकळे होतात. वहीत ती चूक एका गुणाची असते. गल्लीत तिच्यापायी एखाद्याला घर मिळत नाही, एखाद्याची नोकरी जाते.

आणि ओळखीचं हे अपुरेपण मला मोलाचंही वाटतं. दार आणि लाट यांच्यात एकही अक्षर सारखं नाही, पण वार आणि वाट यांचा हात धरून एकाकडून दुसऱ्याकडे जाता येतं. दोन गटांमधली वाट अशाच शेजाऱ्यांच्या अंगणातून जाते. म्हणून कुणाविषयी 'त्यांचा आपसांत संबंध आहे' असं ऐकलंत, तर आधी विचारा: कोणता संबंध, आणि ही फुली कुणी तपासली?