परवाना अडकला, काम थांबले, भुर्दंड कोणाचा?

बेळगाव आणि निपाणी परिसरातील घरबांधणीचे गणित पावसाशी जोडलेले आहे. दिवाळी सरली की पाया खोदायचा, उन्हाळ्यात स्लॅब टाकायचा आणि जूनमध्ये पावसाने जोर धरण्याआधी घर निदान झाकून घ्यायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. म्हणूनच बांधकाम परवाना दोन महिने उशिरा मिळाला तर नुकसान केवळ दोन महिन्यांचे राहत नाही. मधला पावसाळा हिशोबात धरला तर घर सहा-आठ महिने मागे पडते. तोवर सळई आणि सिमेंटचे दर बदलतात, गवंड्यांची टोळी दुसऱ्या कामावर निघून जाते आणि घरमालकाला भाड्याच्या घराचे भाडे व कर्जाचे व्याज असा दुहेरी भार सोसावा लागतो.

भांडण येथून सुरू होते. ‘आगाऊ रक्कम घेऊन ठेकेदार गप्प बसला’ हे घरमालकाचे गाऱ्हाणे. ‘कागदपत्रे तुमची अपुरी, माझी माणसे रिकामी बसली’ हे ठेकेदाराचे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असू शकते. बेळगावात घर बांधणारे किंवा वडिलोपार्जित जागेवर बांधकाम काढणारे कुटुंब गोव्यात राहत असेल, तर या गुंत्यात अंतराचीही भर पडते.

परवाना मिळवण्याची जबाबदारी कोणाची?

वादाचा निकाल बहुतेक वेळा या एका प्रश्नावर लागतो, आणि नेमका हाच मुद्दा करारात लिहिलेला नसतो. शंभर रुपयांच्या बाँडपेपरवर चौरस फुटाचा दर, हप्ते आणि ‘काम दहा महिन्यांत पूर्ण करणे’ एवढेच असते. दहा महिने कधीपासून मोजायचे, करारावर सही झाल्यापासून की परवाना हाती आल्यापासून, याचा उल्लेख नसतो.

हा फरक किती मोठा ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवरून दिसते. दोन्ही निकालांत अंतर महिन्याभराचेही नाही. १४ डिसेंबर २०२० रोजी ‘डीएलएफ होम डेव्हलपर्स विरुद्ध कॅपिटल ग्रीन्स फ्लॅट बायर्स असोसिएशन’ या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की आराखड्याच्या मंजुरीला उशीर होणे ही बांधकाम व्यवसायातील नेहमीची बाब आहे. विकासकाला तिची पूर्वकल्पना असते. त्यामुळे ठरलेल्या मुदतीत ताबा न दिल्यास नुकसानभरपाई टाळण्यासाठी ती सबब पुढे करता येणार नाही. त्यानंतर ११ जानेवारी २०२१ रोजी ‘इरिओ ग्रेस रिअलटेक विरुद्ध अभिषेक खन्ना’ या गुरुग्राममधील प्रकल्पाच्या प्रकरणात मुदतीची सुरुवातच पुढे सरकली. करारातील कलमानुसार मंजुरी आणि तिच्यासोबतच्या पूर्वअटी पूर्ण झाल्यावर मुदत सुरू व्हायची होती, म्हणून न्यायालयाने ती अग्निशमन मंजुरीच्या तारखेपासून मोजली. करारात लिहिलेल्या एका ओळीने फरक पाडला.

मात्र पहिल्या निकालाच्या आधारे ठेकेदाराला धारेवर धरण्याआधी घरमालकाने थोडे थांबावे. त्या प्रकरणात जमीन, आराखडा आणि मंजुरी हे सारे विकासकाच्या हाती होते. अनगोळ, वडगाव किंवा निपाणीत स्वतःच्या जागेवर घर बांधताना अर्ज मालकाच्या नावे होतो, खाता उतारा मालकाचा असतो आणि ठेकेदार बहुधा फक्त बांधकाम करतो. अशा वेळी भारतीय करार कायदा, १८७२ मालकाकडेच बोट दाखवतो. कलम ६७ म्हणते, की काम करून घेणाऱ्याने त्यासाठी आवश्यक सोय करून दिली नाही, तर काम न केल्याचा दोष दुसऱ्यावर येत नाही. त्या कलमाखालील उदाहरणही घराचेच आहे : दुरुस्ती कुठे करायची हे मालकाने दाखवलेच नाही, तर दुरुस्ती करणारा मोकळा होतो. मालकाच्याच अडवणुकीमुळे काम होऊ शकले नाही, तर कलम ५३ ठेकेदाराला करार रद्द करून भरपाई मागण्याचा अधिकार देते.

याउलट ‘नकाशापासून किल्लीपर्यंत’ असे सारे ठेकेदाराने अंगावर घेतले असेल, परवान्यासाठी वेगळी रक्कमही घेतली असेल, तर जबाबदारी त्याची. २००८ मधील ‘फकीरचंद गुलाटी विरुद्ध उप्पल एजन्सीज’ या दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपली जमीन बिल्डरला बांधकामासाठी देणाऱ्या मालकालाही ग्राहक मानले आणि पूर्णत्वाचा दाखला मिळवून देणे हा बिल्डरच्या कर्तव्याचा भाग ठरवला.

अर्ज नेमका कुठे अडतो?

सीमाभागात कागदांचा इतिहासच गुंतागुंतीचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या काळातील सिटी सर्व्हेच्या नोंदी, म्हणजे बेळगावकरांच्या बोलीतले सीटीएस नंबर, आजही चालतात. मात्र त्यांवर महापालिकेचा खाता, महसूल खात्याचा उतारा आणि संगणकीकृत नोंदी असे थर चढले आहेत. आजोबांचे नाव एका कागदावर एका तऱ्हेने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने असणे ही इथली नित्याची गोष्ट. मराठी नाव कन्नड लिपीत आणि तिथून इंग्रजीत जाताना आडनावाचे काय होते, हे सीमाभागातील प्रत्येक कुटुंब जाणते. वारस नोंद राहून गेली असेल तर अर्ज पहिल्याच टेबलावर थांबतो.

जागा कोणाच्या हद्दीत येते, हाही प्रश्न असतो. शहरात महापालिका, लष्करी छावणीच्या भागात कँटोन्मेंट बोर्ड, नव्या वसाहतींच्या आराखड्यासाठी ‘बुडा’ आणि येळ्ळूर, कंग्राळीसारख्या गावांत ग्रामपंचायत. निपाणीला नगरपालिका असून तिथे कर्नाटक नगरपालिका कायदा, १९६४ लागू होतो, तर बेळगावात महानगरपालिका कायदा, १९७६. शेतजमीन असेल तर कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ नुसार आधी बिगरशेती परिवर्तन करून घ्यावे लागते. शेतातून पाडलेले, नोटरी केलेल्या बाँडवर विकत घेतलेले एक-दोन गुंठे हे तर या भागातील जुने दुखणे. नोंदणीकृत खरेदीखत नसलेल्या अशा जागेवर परवाना मिळणे जवळपास अशक्य असते, आणि ठेकेदाराने सही करण्याआधी उतारा पाहिलाच नसेल, तर त्याच्या नुकसानीत त्याचाही वाटा आहेच.

कागद पूर्ण असूनही कार्यालयातच उशीर होत असेल, तर दोन मार्ग आहेत. १९७६ च्या कायद्यात आयुक्तांनी परवान्यावर निर्णय देण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ती उलटल्यास कलम ३०४ नुसार स्थायी समितीकडे लेखी मागणी करता येते आणि समितीनेही ३० दिवसांत काही ठरवले नाही, तर परवानगी दिल्याचे मानले जाते. मात्र जागेला मान्यता मिळेपर्यंत ही मुदत सुरूच होत नाही, आणि कार्यालयाने जादा कागद मागितला की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. शिवाय मानीव परवानगीच्या आधारे नियमबाह्य बांधकाम करता येत नाही. दुसरा मार्ग ‘सकाळ’ योजनेचा. २०११ च्या या कायद्याखाली अर्जाला १५ अंकी क्रमांक मिळतो, उशिराबद्दल वरिष्ठांकडे अपील करता येते आणि दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये भरपाई मिळते. पाचशे रुपयांत सळईचा एक तुकडाही फारसा येणार नाही. तरी उशीर कार्यालयाचा होता, याचा लेखी पुरावा तो क्रमांक देतो, आणि मालक-ठेकेदार वादात खरा उपयोग त्याचाच होतो.

‘परवाना येईल, काम सुरू करू या’

पावसाच्या धास्तीने दोघेही या वाक्यावर एकमत होतात, आणि पुढची सर्वांत महागडी भांडणे येथूनच उगवतात. महापालिकेची नोटीस आली की काम थांबते. विनापरवाना बांधकाम पाडण्याचा आदेश देण्याचा अधिकार आयुक्तांना कलम ३२१ खाली आहे. मग झालेल्या कामाचे पैसे कोणी द्यायचे, यावर तट पडतात. मुळात कायद्याने मनाई केलेल्या कामाचा करार न्यायालयात टिकवणे दोघांनाही जड जाते.

१७ डिसेंबर २०२४ नंतर ही जोखीम आणखी वाढली. त्या दिवशी मेरठमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले : मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावलेला असावा, भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला पाहूनच वीज, पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी द्यावी, बँकांनीही तो तपासूनच इमारतीच्या तारणावर कर्ज द्यावे. कर्नाटकात याचा परिणाम लगेच दिसला. दाखला नसलेल्या नव्या घरांच्या वीजजोडण्या अडल्या. बेळगाव जिल्ह्यात वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमलाही हाच नियम पाळणे भाग आहे. पुढे २०२५ मध्ये राज्य सरकारने १२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरील लहान घरांना या दाखल्यातून सूट देण्याचा मार्ग स्वीकारला. आपले घर या सवलतीत बसते का, हे स्थानिक संस्थेकडून लेखी घ्यावे. सूट दाखल्यापुरती आहे. बांधकाम परवाना आणि मंजूर नकाशा यांची गरज त्यामुळे संपत नाही.

दाद कुठे मागायची?

स्वतंत्र घर बांधणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध रेराकडे जाता येत नाही. तो कायदा विक्रीसाठीच्या प्रकल्पांसाठी आहे. मालकाला ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. ‘गृहबांधणी’ ही सेवा असल्याचे १९९३ मध्येच कायद्यात आले. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, तीही वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. महापालिकेला मात्र परवान्याच्या उशिरासाठी ग्राहक आयोगात खेचण्याचा विचार सोडावा. परवाना देणे हे विकतची सेवा नसून कायदेशीर काम मानले जाते.

ठेकेदाराला ग्राहक आयोगाचे दार बंद आहे. त्याला दिवाणी न्यायालयातच जावे लागते, आणि कामाच्या पैशांसाठी मुदत साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षांची असते. मालकाच्या सांगण्यावरून थांबलो, हे त्याने निदान एका संदेशाने तरी कळवून ठेवलेले असावे.

मालकांकडून सर्रास होणारी एक चूक करार कायद्याच्या कलम ५५ मध्ये दडली आहे. मुदत महत्त्वाची असलेले काम मुदत उलटल्यावर स्वीकारताना ‘उशिराची भरपाई मी मागणार आहे’ अशी सूचना दिली नाही, तर नंतर ती मागता येत नाही. वास्तुशांतीच्या घाईत किल्ली घेतली जाते, ठेकेदाराला टोपी-टॉवेल दिला जातो आणि भरपाईचा हक्क तिथेच निसटतो. ही सूचना लेखी आणि किल्ली घेण्याच्या वेळीच द्यायला हवी.

गोव्यात राहून बेळगाव किंवा निपाणीत घर बांधणाऱ्यांसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक सोय केली आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे म्हापशात राहणाऱ्याला उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे जाता येईल. पण भिंतीला गेलेले तडे किंवा अर्धवट कामाचे मोजमाप हा वादाचा मुख्य मुद्दा असेल, तर जागेची पाहणी आणि साक्षीदार बेळगावातच असतात. तेव्हा चोर्ला घाटाच्या चार फेऱ्या वाचवण्यापेक्षा बेळगावच्या आयोगातच तक्रार देणे सोयीचे पडते.