आपत्तीग्रस्तांची यादी कोणी वाचावी?

आज सुरुवात एका साध्या कागदापासून करू. घरातल्या कोणाच्या मृत्यूचा दाखला काढायची वेळ तुमच्यापैकी अनेकांवर आली असेल. तो कागद डोळ्यांपुढे आणा. नाव आहे, तारीख आहे, ठिकाण आहे. मृत्यूचं कारण? ते नाही. पुष्कळांना वाटतं, कारकुनाने लिहायचं राहून गेलं. तसं नाहीये. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 17 सांगतं की कोणीही नोंदवहीतला उतारा मागू शकतो, पण मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करायचं नाही. खासगीपणा हा शब्द आपल्याकडे गाजला तो 2017 साली, पुट्टस्वामी खटल्याच्या निकालाने. ही सोय त्याच्या कितीतरी आधीची आहे.

आता हीच सोय करोनाच्या काळात कशी आड आली ते बघा. 30 जून 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करोनाने मेलेल्यांच्या कुटुंबांना साहाय्य देण्यासाठी नियम करा. पुढे रक्कम ठरली 50,000 रुपये. पण करोनानेच मृत्यू झाला हे कशावरून दाखवायचं? दाखल्यावर तर कारण नाही! शेवटी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाला स्पष्ट म्हणावं लागलं की दाखल्यात करोनाचा उल्लेख नाही एवढ्याच कारणाने कोणाला नकार देऊ नका. 2023 च्या दुरुस्तीनंतर तर डॉक्टरांच्या मृत्यूकारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. माझ्या मते इथे मूळ मुद्दा सापडतो. माहिती झाकायची असते ती परक्यांपासून. ज्याच्या घरात माणूस गेलं त्याच्यापासूनच ती झाकली, तर ते संरक्षण नव्हे, अडवणूक.

मग सगळ्या याद्या बंद करून टाकाव्यात का? छे! किल्लारीचा भूकंप आठवा, 30 सप्टेंबर 1993. त्यानंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठं मिळणार हे जमिनीवर ठरलं होतं: भूमिहीनाला 250 चौरस फूट, 7 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 400, त्याच्या वरच्याला 750. अशा ठिकाणी कागदावर कोणाची चूल वेगळी झाली आणि खरी कोणाची, हे मुंबईत बसलेल्या साहेबाला कळत नाही, शेजाऱ्याला कळतं. चावडीवर लागलेली यादी हे गरिबाचं हत्यार आहे. म्हणून तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारने आपण होऊन जाहीर करावा असं म्हटलं आहे.

याच कायद्याच्या कलम 8 मध्ये वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद होती, पण तिला अटी होत्या: सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, विनाकारण कोणाच्या खासगी आयुष्यात घुसखोरी होत असेल, तर. 2023 च्या विदा संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीने या अटी काढून टाकल्या. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरतं. जनहितासाठी माहिती देण्याची वाट 8(2) मध्ये अजून आहे, पण ती देणं अधिकाऱ्याच्या तोलण्यावर आहे. मला ही दुरुस्ती पटत नाही. आपत्तीग्रस्ताच्या नावाखाली पैसे वाटणाऱ्याचा हिशेब झाकला जाण्याची भीती यात आहे.

एका ताईंनी मघाशी विचारलं, ‘यादी चावडीवर चालते, तर संकेतस्थळावर का नको?’ चांगला प्रश्न आहे. चावडीवरची यादी गाव वाचतं, हरकत घेतं, आणि पावसाळ्यात तो कागद गळून पडतो. संकेतस्थळावरची यादी गळून पडत नाही. मार्च 2020 मध्ये कर्नाटक सरकारने घरी विलगीकरणात असलेल्यांचे पत्ते जाहीर केले. त्या याद्या मोबाइलवरून फिरल्या. आजार चौदा दिवसांचा, पत्ता मात्र कायमचा.

तेव्हा यादीतला प्रत्येक रकाना वेगळा तपासायला हवा. नाव, गाव, मंजूर रक्कम: हे हरकतीसाठी लागतं, ते लावा. बँक खातं, आधार क्रमांक, मोबाइल, जखमेचं स्वरूप: यावर शेजारी काय हरकत घेणार? ते लावायचं कारणच नाही.

मुलांच्या बाबतीत तर नाव गाळूनही भागत नाही. रायगडमधल्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले, आणि शोधकार्य थांबवलं गेलं. वस्ती जेमतेम पन्नासेक घरांची. अशा ठिकाणच्या अनाथ मुलीचं नाव न देता तुम्ही नुसतं वय आणि इयत्ता लिहिलीत, तरी तालुक्याला ती कोण ते कळतं. बाल न्याय कायद्याचं कलम 74 म्हणूनच नुसतं नाव म्हणत नाही. पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कुठलाही तपशील माध्यमांत द्यायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही भीती पुस्तकी नाही. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ‘दोन लहान मुली आहेत, कोणाला दत्तक हव्यात?’ अशा धर्तीचे संदेश तुम्हीही पाहिले असतील. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू चांगलाच असेल. पण मुलं पळवणाऱ्यालाही हाच संदेश मिळतो ना! त्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बेकायदा दत्तकांना आळा घालायला राज्यांना सांगितलं.

मग मदत पोचायची कशी? याचं एक उत्तर त्याच न्यायालयाच्या फेब्रुवारी 2022 च्या आदेशात आहे. करोनाने गेलेल्यांचे आणि अनाथ मुलांचे संपूर्ण तपशील राज्यांनी आपापल्या राज्य विधी सेवा प्राधिकरणाला द्यावेत, म्हणजे ज्यांनी अर्जच केला नाही त्यांच्यापर्यंत प्राधिकरणाची माणसं पोचतील. नाव, पत्ता सगळं दिलं गेलं, पण ज्याला दार ठोठावायचं आहे त्याच्याच हाती.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.